फेस न आलेला थेंब

फेस आला नाही.

अपेक्षा गजभियेनं काचपट्टीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा दुसरा थेंब सोडला आणि वाकून पाहिलं. जंतूंचा ठिपका मुकाट पडून होता. नावालाही बुडबुडा नाही.

तेवढ्यात फोन वाजला. दीपमाला. तिची मावसबहीण, लाखनीला हायवेवरच्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर.

"ताई, रिपोर्ट झाला का? उद्या सकाळी चंद्रभागाबाईचा पाय कापून राहिले. गुडघ्याच्या वरून!"

"कोण म्हणते?"

"लांजेवार डाक्टर. जंतू कोणत्याच औषधाले आयकत नाही म्हणते."

"काय बकते तो? मी आत्ता पाहून राहिली. हा जंतू तर साध्या पेनिसिलिननं मरते!"

दीपमाला हळूच म्हणाली, "मंग मी रोज सुई देऊन राहिली, तरी पाय काहून सडते, ताई? सारे मलेच दोष देतेत. मी सुया बाहेर विकते, असं बोलतेत."

अपेक्षाच्या डोक्यात तिडीक गेली. डॉक्टरनं जखमेतला पू तपासायला पाठवलाच नव्हता. दीपमालानंच चोरून कापसाच्या काडीवर घेतला आणि एसटीच्या कंडक्टरजवळ भंडाऱ्याला दिला, म्हणून तो अपेक्षाच्या लॅबपर्यंत पोचला. पाय कापायला निघाले आणि जंतू कोणता ते पाहायची तसदी नाही! तिनं भंडाऱ्याच्या दुकानातून, दीपमाला टोचत होती त्याच औषधाच्या बाटल्या विकत घेतल्या आणि स्कूटर काढली.

दवाखान्याच्या आवारातच औषधाचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीच्या उंबरठ्यावर एक माणूस कुबडी बाजूला ठेवून बसला होता. एक पाय गुडघ्यावर संपलेला. हातात मुंग्यांचा खडू. जमिनीवर पांढरी रेघ ओढत होता.

"दीपमाला सिस्टर कुठे आहे, भाऊ?"

"अंदर हाय जी. मी तुलाराम. गेट बी पाहतो, चहा बी आणतो, हे बी करतो." त्यानं खडूकडे बोट केलं. "मुंग्या लय येतेत जी या खोलीत."

"पायाला काय झालं होतं?"

"मागच्या साली कुदळ लागली. इथंच होतो भरती. जंतू जिद्दी निघाला, कापा लागला." त्यानं दुकानाच्या गल्ल्याकडे पाहून हात जोडले. "योगेंद्रभाऊनं काम देलं म्हणून जगलो. देवमाणूस हाय तो."

योगेंद्रभाऊ गल्ल्यावरून हसला. पांढरा शर्ट, गोड चेहरा. "या मॅडम, सरबत घेता का?"

"पेशंट पाहून येते," अपेक्षा म्हणाली.

चंद्रभागाबाई सात नंबरच्या खाटेवर होती. धानाच्या रोवणीला चिखलात पायाला शिंपला लागला, एवढंच झालं होतं. आता पाय पोटरीपर्यंत लालभडक, टम्म फुगलेला. अंग तापानं फणफणलेलं.

"पाय नोको कापू देऊ बाई," तिनं अपेक्षाचा हात घट्ट धरला. "धानाच्या बांधीत उभी नाही राहिली त मी काय करू? बसून कोणाच्या घरचं खाऊ?"

"नाही कापू देत," अपेक्षा म्हणाली. बोलून गेली आणि मग तिलाच त्या शब्दांचं वजन कळलं.

सून रीता खाटेखाली झाडत होती. कचऱ्याच्या डब्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

"इथं काही गोड सांडलं का गं?"

"नाही जी. सासूच्या तोंडात पेज बी जाऊन नाही राहिली. मुंग्या त्या वापरलेल्या सुयाईवरच येतेत, पाहा."

"सुई दिल्यावर कधी काही वेगळं वाटलं?"

रीतानं थोडा विचार केला. "पहिली सुई गावच्या सरकारी दवाखान्यात देली होती. थे औषध पिवळसर होतं. इथलं पाण्यावाणी पांढरं हाय. पण आमाले काय समजते जी?"

अपेक्षानं दीपमालाकडे पाहिलं.

"मी इचारलं होतं, ताई," दीपमाला म्हणाली. "डाक्टरसाहेब माह्यावरच खेकसले. तू डॉक्टर आहेस का, म्हणे."

दीपमालानं दुकानातून आलेल्या खोक्यातून नवीन बाटली काढली. आत पांढरी भुकटी, वर सीलबंद झाकण. तिनं बाटली उलटी केली आणि तळाशी निळ्या मार्करनं ‘७’ लिहिलं.

"हे कायले?"

"सवय हाय माही. साऱ्याईच्या बाटल्या एकसारख्या. कोणाची कोणाले जाऊ नये म्हणून खाटेचा नंबर टाकते. इथं मी एकटीच टाकते, बाकीच्या सिस्टर हासतेत."

"अन् ट्रेमध्ये ह्या रिकाम्या बाटल्या? तोडून नाही टाकत?"

"तोडू देत नाही. दुकानातून माणूस येते अन् साबूत घेऊन जाते. फुकट औषधाच्या सरकारी योजनेच्या सायबाले दाखवा लागते म्हणे."

अपेक्षानं खोक्यातून सीलबंद बाटल्या एकेक काढून उलट्या केल्या. एकीच्या तळाशी पुसट निळसर डाग होता. तिनं ती बाटली रुमालात बांधून पर्समध्ये टाकली आणि तरातरा डॉक्टरच्या केबिनमध्ये शिरली.

डॉ. लांजेवार फोनवर हसत बोलत होते. तिचा रिपोर्ट पाहिला आणि हसू मावळलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं तपासायला?"

"तुम्ही काय तपासलं, ते सांगा आधी."

"अहो, मी पंधरा वर्षं जखमा पाहतोय! पेरॉक्साइड टाकलं, फस्सकन फेस आला. म्हणजे स्टॅफ जातीचा जंतू. त्याच्याजवळ औषध कापणारं एन्झाइम असतं. पुस्तकात आहे."

"फेस जखमेवर आला की जंतूवर?"

"त्यात काय फरक?"

अपेक्षाला टेबलावरचा पेपरवेट उचलून भिरकावावासा वाटला. तिनं तो नुसता हातात घट्ट धरला.

"एका बाईच्या पायाएवढा फरक आहे, डॉक्टर. मी तेच औषध आणलंय. तेच नाव, तेवढाच डोस. फक्त भंडाऱ्याहून. आज रात्री हे द्या. सकाळी लाली वाढली असेल तर मी तोंड काळं करीन."

"तेच औषध असेल तर फरक काय पडणार?"

"तेच तर पाहायचंय."

योगेंद्र दारात उभा होता. कधी आला, कळलं नव्हतं. "मॅडम, गरिबांना मी फुकटात देतो की औषध. बाहेरून कायले आणलं? उगी खर्च."

"मर्जी माझी," अपेक्षा म्हणाली.

डॉक्टरनं वैतागून हात झटकला. "द्या, द्या. होऊ द्या यांचं समाधान. सकाळी कापायचंच आहे."

दीपमालानं भंडाऱ्याची बाटली पाण्यात कालवली. औषध पिवळसर झालं. रीतानं सिरिंजकडे बोट दाखवलं. अपेक्षानं चंद्रभागाबाईच्या पायावर लाली जिथं संपत होती तिथं पेनानं रेघ ओढली. रात्रभर ठरल्या वेळेला भंडाऱ्याचीच सुई गेली.

सकाळी ऑपरेशनची तयारी झाली होती. डॉ. लांजेवार हातमोजे घालून वॉर्डात आले आणि पायाशी थबकले. लाली रेघेच्या आत आली होती. ताप उतरला होता. चंद्रभागाबाई उठून बसली होती आणि सुनेला चहा मागत होती.

"हे... कसं काय?" डॉक्टर पुटपुटले.

"सांगते. मी बोलावलेले ठाणेदारसाहेब येऊन बसलेत तुमच्या केबिनमध्ये. योगेंद्रभाऊलाही बोलवा."

केबिनमध्ये दाटी झाली. लाखनीचे ठाणेदार खुर्चीत, डॉक्टर टेबलामागं, योगेंद्र भिंतीला टेकून. दीपमाला दाराजवळ, डोळे सुजलेले.

"मॅडम, थोडक्यात सांगा," ठाणेदार म्हणाले. "अन् आमाले समजंल असं."

"साहेब, तुम्ही धानाची बांधी पाहिली आहे. चारही बाजूंनी धुरा असतो, म्हणून पाणी आत राहते. जंतूची पेशी तशीच आहे. आपल्या पेशीसारखं केंद्रक नाही, खोल्या नाहीत. सारा संसार एकाच खोलीत. मध्ये डीएनएची गुंडाळी, भोवती प्रथिनं बनवणारे कण, अन् बाहेरून भिंत. ही भिंत म्हणजे त्याचा धुरा. ती बांधायला त्याच्याजवळ खास एन्झाइम असतात. विकरं म्हणतो आपण. हे औषध त्या बांधणाऱ्या विकरांचे हात धरून ठेवते. धुरा कच्चा राहिला की पेशी फुटते."

"मंग फुटला काहून नाही?"

"डॉक्टरसाहेब म्हणाले, जंतूजवळ दुसरं एन्झाइम आहे, औषधच कापणारं. काही जंतूंजवळ असते. स्टॅफजवळ हमखास. पण हा स्टॅफ नव्हताच! स्टॅफमध्ये कॅटलेज नावाचं आणखी एक एन्झाइम असते, पेरॉक्साइड पडलं की फेसाळते. माझ्या काचेवर फेस आला नाही. हा स्ट्रेप्टोकोकस. याच्याजवळ औषध कापायची ती कात्री नसते."

"पण जखमेवर फेस आला होता!" डॉक्टर ओरडले.

"येणारच! आपल्या रक्तात, मांसात तेच कॅटलेज आहे. स्वच्छ जखमेवर टाका, तरी फेस येईल. तुम्ही बाईच्या रक्ताचा फेस पाहिला अन् जंतूचं नाव ठेवून मोकळे झालात. लाज वाटायला पाहिजे!"

डॉक्टरची मान खाली गेली.

"जंतू मरणारा होता अन् तरी मेला नाही," अपेक्षा म्हणाली. "म्हणजे जंतूचा दोष नाही. बाटलीतच औषध नव्हतं. दीपा, शुगरची मशीन दे."

तिनं दवाखान्याच्या खोक्यातली सीलबंद बाटली सगळ्यांसमोर फोडली, पाणी घातलं. पाण्यासारखं पांढरं. एक थेंब शुगर तपासायच्या पट्टीवर टाकला.

"या पट्टीवर पण एक एन्झाइमच असते. ते फक्त साखर ओळखते."

मशीन किणकिणली. आकडा आलाच नाही. मशीनला मोजता येईल त्यापेक्षा साखर जास्त, एवढीच खूण आली.

"ग्लुकोज," अपेक्षा म्हणाली. "म्हणून सुयांवर मुंग्या. सडत्या पायाच्या बाईला तुम्ही साखरेचं पाणी टोचत होता!"

ठाणेदारांनी दीपमालाकडे पाहिलं. योगेंद्रनं तीच वेळ साधली. "साहेब, मी म्हणतच होतो. सिस्टर बाहेर विकते अन् इथं..."

"थांब!" अपेक्षाचा आवाज एवढा चढला की तो गप्प झाला. तिनं रुमालातली बाटली टेबलावर उलटी ठेवली. "ही सीलबंद आहे. तुझ्या दुकानातून आलेली. तळाशी काय आहे, साहेब?"

ठाणेदारांनी डोळ्याजवळ धरली. "पुसलेला... चार दिसते."

"दीपाच्या हातचा चार. चार नंबरच्या खाटेचा. ती वापरायच्या वेळेलाच नंबर टाकते. नव्या बाटलीवर तो आधीच कसा आला? ही बाटली एकदा वॉर्डात येऊन, रिकामी होऊन परत गेली होती. कुठे? दुकानात. रिकाम्या बाटल्या साबूत मागणारा एकटा तूच. धुतल्यास, ग्लुकोज भरलंस, नवं झाकण दाबलंस. लेबल जपलंस, तळ पाहायचा विसरलास. दीपा विकणारी असती तर स्वतःचा आकडा सोडला असता का? अन् औषधाच्या दुकानात मुंग्या कशाला येतील रे? कडू गोळ्या चाखायला? साहेब, मागची खोली उघडा."

ठाणेदारांसोबतच्या हवालदारानं जाऊन खोली उघडली आणि सापडलं ते केबिनमध्ये आणून मांडलं. ग्लुकोजचे डबे, झाकणांची पिशवी, झाकण दाबायचं पकडीसारखं यंत्र. खरं औषध भरलेली खोकी वेगळी बांधून ठेवलेली, दुसरीकडे विकायला.

"ग्लुकोजच होतं ना," योगेंद्र पुटपुटला. "जहर त नाही देलं. मेलं त कोणी नाही."

केबिनच्या दारात काच खळकन वाजली. तुलाराम चहाचा ट्रे घेऊन उभा होता. कधीचा उभा होता, कोण जाणे. कप फरशीवर पडले होते.

कुबडी टेकत तो पुढं आला. आधी डॉक्टरसमोर थांबला.

"डाक्टरसाहेब, माह्या जखमेवर बी फेस आला होता ना?"

डॉक्टर हातमोजे ओढून काढू लागले.

"बोला ना जी. मी तुमाले रोज चहा देतो. येवढं त सांगा."

"आला होता," डॉक्टर म्हणाले. आवाज जेमतेम ऐकू आला.

"तपासलं होतं? या मॅडमवाणी, काचीवर?"

"नाही."

तुलाराम योगेंद्रकडे वळला. हवालदारानं योगेंद्रचा दंड धरला होता. तुलारामनं कुबडी आडवी घातली आणि वाट अडवली. ठाणेदारांनी हवालदाराला खुणेनंच थांबवलं.

"माहा पाय कापला त्या दिवशी तू माह्या बायकोले धीर देत होता. आठवते? मले काम देलं. मी घरी तुह्या फोटोले हार घातला, भडव्या!" त्याचा आवाज फुटला. "पोरीले सांगतो, हा देव हाय, पाया पड म्हणतो."

"तुलाराम, आयक..."

"काय आयकू? तुही साखर मुंग्याईनं खाऊ नये म्हणून रोज सकाळी रेघ कोण मारत होतं? मी! याच हातानं!"

त्यानं खिशातून खडू काढला, योगेंद्रच्या पांढऱ्या शर्टावर फेकून मारला आणि कुबडी बाजूला केली.

"न्या याले," तो म्हणाला. "अन् मले कोणी त्या चंद्रभागाबाईचा पाय दाखवा. मले पाहाचा हाय."