हिरव्या नावाला फोन नाही

ये, बस. उद्यापासून हे टेबल तुझं, तेव्हा आधी माझं ऐकून घे. काम सोपं आहे. आपले हृदयाचे पेशंट घरीच असतात. सकाळी उठून त्यांनी वजनकाट्यावर उभं राहायचं आणि मग मोबाइलवर तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: झोप लागली का, दम लागतो का, गोळ्या घेतल्या का. हसरा चेहरा दाबला की इथे नाव हिरवं होतं. उत्तरच आलं नाही तर लाल. लाल नावाला आपण फोन करायचा, हिरव्याला करायचा नाही, तसा नियमच आहे. तो नियम माझ्या मावशीच्या जिवावर उठला होता.

आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. एकटी राहते, आणि हट्टी किती म्हणशील तर विचारूच नकोस. हे यंत्र मीच तिच्या गळ्यात मारलं. "मला नाही जमत ती बटणं दाबणं," ती म्हणाली. मी म्हटलं, "नको दाबूस. उत्तर आलं नाही की मी फोन करीन." पहिले चार दिवस ती लाल होती. मी रोज फोन केला आणि रोज बोलणी खाल्ली. पाचव्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी ती हिरवी झाली. तिन्ही चेहरे हसरे, वजन बावन्न किलो चारशे. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. एक फोन वाचला.

अकरा दिवस तेच. तीच वेळ, तेच वजन, ग्रॅमचाही फरक नाही. अगं, माणूस पेलाभर पाणी प्यायलं तरी काटा हलतो. मला संशय आला शेजारच्या टेबलावरच्या नर्सचा. रोज किती टक्के पेशंट उत्तर देतात याचा तक्ता साहेबांकडे जातो. टक्के घसरले की ते सगळ्यांसमोर झाडतात. म्हणून ती विसराळू पेशंटांचे चेहरे इथूनच दाबते, हे मला ठाऊक होतं. तिला मी जिन्यात गाठलं.

तिचा चेहरा पडला. "तिघांचे दाबते, कबूल. पण तुझ्या मावशीचे नाही, शपथ. आणि वजन इथून कसं भरणार? ते काट्यावरूनच येतं. कुणालातरी उभं राहावंच लागतं ना..."

जेवणाची सुट्टी झाली तशी मी तडक मावशीकडे गेले. माझ्याजवळ किल्ली होती. दार उघडलं तर भर दुपारी पडदे ओढलेले, आणि ओलं फडकं दिवसचे दिवस पडून राहावं तसा कोंदट वास. आतून घरघर ऐकू येत होती. मावशी तीन उशांना टेकून बसली होती, पाय सुजून टम्म.

"आलीस..." ती म्हणाली. "फोन का नाही केलास गं? रोज वाट पाहिली."

"तू बरी आहेस असं रोज येत होतं, मावशी."

"मी तर त्याला हातही लावला नाही."

"मग काट्यावर कोण उभं राहतं?"

तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला वाटलं, तूच बाई ठेवलीस... सकाळी येते. पाठमोरी असते. बोलत नाही."

पण तिचे ओठ निळे दिसत होते, भ्यायला सवड नव्हती. तिचा मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला, काट्यातले सेल काढले, घराला कुलूप घातलं आणि तिला इथे आणलं. आपल्या काट्यावर तिचं वजन एकोणसाठ भरलं. सगळं अंगात साठलेलं पाणी. आणखी एक दिवस गेला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेर जाऊन रडले. फोन करीन म्हणून तिला शब्द दिला होता, आणि एका रंगावर विसंबून राहिले.

चार दिवस तिचं नाव लाल होतं. मी मनाची समजूत घातली, आधी यंत्रच बिघडलं असेल. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. त्याच सकाळी सात दहाला ती हिरवी झाली. बावन्न किलो चारशे. चेहऱ्यांखाली एक चौकट असते, नर्सला काही कळवायचं असेल तर. तिथे कुणी एक अक्षर लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं होतं, 'तिला परत आणू नका. मी इथे बरी आहे.'

मावशी तेव्हापासून माझ्याकडे आहे. स्वतःच्या घरी कधी सोडतेस, असं रोज विचारते, आणि मी रोज काहीतरी सांगून वेळ मारून नेते. तिचं नाव मी यादीतून दोनदा काढलंय. हे बघ, आहे ना?

नियम गेला चुलीत, तू हिरव्या नावांनाही फोन करत जा. फक्त हिला नको. मी एकदा केला होता. मावशीचा मोबाइल माझ्यासमोर टेबलावर बंद पडलेला होता, तरी पलीकडे उचलला गेला. कुणी बोललं नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. घरघर नाही, धाप नाही. इतका निरोगी श्वास मी या नोकरीत कधी ऐकला नव्हता.