त्रेपन्न टक्के

शेवंताक्काच्या भाजीच्या पाटीसमोर हेरवाडकर बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गिव्ह अप."

शेवंताक्कानं मान वर केली नाही. तिचं लक्ष बाईंच्या गळ्यात लटकणाऱ्या पांढऱ्या डबीकडे होतं. डबी क्षणभर थांबली आणि बाईंच्याच आवाजात म्हणाली, "अर्धा किलो दोडका द्या. कोवळा बघून."

"कोवळाच हाय की. सकाळी तोडलाय."

"गिव्ह अप," बाई म्हणाल्या.

"आणि कोथिंबिरीची एक जुडी," डबी म्हणाली.

गडहिंग्लजच्या बाजारात आता याचं कुणाला नवल वाटत नसे. भाजी पिशवीत पडली, बाई डाव्या हातानं पिशवी सावरत घराकडे निघाल्या. वाटेत दोघांनी नमस्कार केला. दोघांनाही डबीनं उत्तर दिलं.

सुलक्षणा हेरवाडकर एकतीस वर्षं गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होत्या. लग्न केलं नव्हतं. आई गेल्यापासून घरात एकट्याच. शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. त्या शब्दाचा अर्थ कधी सांगत नसत, वाक्यं देत. दीड वर्षापूर्वी एका सकाळी नववीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर 'गिव्ह अप'ची वाक्यं लिहायला घेतली होती. मामांनी तंबाखू सोडली. बसमधल्या मुलीनं आजोबांना जागा दिली. चोर आपण होऊन पोलिसांच्या हवाली झाला. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी तेच दोन शब्द, मराठीत मात्र दर वेळी वेगळं क्रियापद. "शब्द एकटा असला की त्याचं काही कळत नाही," असं त्या मुलांना सांगत होत्या, "त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा." चौथं वाक्य लिहिताना खडू हातातून सुटला आणि त्या टेबलाला धरून खाली बसल्या.

मेंदूच्या डाव्या भागातला रक्तपुरवठा अडला होता. शुद्धीवर आल्या तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि सगळ्या भाषेतून त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते. पाणी हवं असलं तरी गिव्ह अप, दार लावा म्हणायचं असलं तरी गिव्ह अप. असं होतं, डॉक्टर म्हणाले. अशा आघातानंतर काही माणसांच्या तोंडी एखादाच शब्द अडकून राहतो. समोरच्याचं बोलणं त्यांना कळायचं, पण लिहिता येत नव्हतं. मान हलवून हो-नाही सांगणंही उलटसुलट व्हायचं. चहा हवा का म्हटलं की मान हो म्हणायची आणि हात कप दूर सारायचा.

धाकटा भाऊ विश्वास पुण्याहून धावत आला होता. ताईनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गिव्ह अप." तो बाहेर व्हरांड्यात जाऊन रडला. ताई आता सुटका मागते आहे असं त्याला वाटलं. ताईला चष्मा हवा होता, हे दुसऱ्या दिवशी नर्सच्या लक्षात आलं.

नीलोफर मुजावर गावातल्या छोट्याशा वाचोपचार केंद्रात काम करायची. बोलणं गेलेल्यांना ते परत शिकवायचं, हा तिचा पेशा. आठ महिने तिनं बाईंवर मेहनत घेतली, पण तिसरा शब्द काही आला नाही. तेवढ्यात केंद्राकडे चाचणीसाठी 'अर्थवाचक' आला. कानामागे चिकटवायची एक पातळ पट्टी आणि गळ्यात घालायची डबी. माणसाच्या मनात आधी म्हणणं तयार होतं, मग त्याला शब्द सापडतात. बाईंची अडचण या दोन पायऱ्यांच्या मधली होती. पट्टी पहिल्या पायरीवरच्या हालचाली टिपायची, आसपास काय चाललंय ते ऐकायची आणि त्यावरून शक्य ती वाक्यं जुळवायची. प्रत्येक वाक्यापुढे खात्रीचा आकडा असे. ऐंशी टक्क्यांच्या वर खात्री असली तरच डबी बोलायची.

पहिल्या दिवशी डबी म्हणाली, "खिडकी उघडा, गुदमरायला होतंय." नीलोफरनं खिडकी उघडली. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं.

पण ऐंशीचा उंबरठा फार उंच होता. पाणी, खिडकी, भाजी एवढंच त्याच्या वर यायचं. कुणी गप्पा मारायला आलं की डबी गप्प. येणारे पाच मिनिटं बसत, आपलंच काहीबाही बोलत आणि घड्याळाकडे बघून उठत. हळूहळू येणंच थांबलं. नीलोफर मंगळवारी आणि शुक्रवारी जायची. एका शुक्रवारी तिनं नोंदी उघडल्या. मंगळवारच्या भेटीनंतर अर्थवाचकानं दुसऱ्या कुणाचाही आवाज टिपला नव्हता. मधल्या सगळ्या वेळात घरात फक्त बाईंचा आवाज होता. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा, तेच दोन शब्द, रिकाम्या खोलीत.

तिनं उंबरठा पन्नासवर आणला. कुणाला विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं तिला तेव्हा वाटलं नाही.

डबी बोलू लागली. शेजारच्या नूलकर काकूंशी गप्पा मारू लागली, त्यांच्या सुनेची चौकशी करू लागली. जुने विद्यार्थी येऊन बसू लागले. "बाई पहिल्यासारख्या झाल्या," असं गाव म्हणू लागलं. सुरुवातीला काही वाक्यांवर बाई डावा हात झटकायच्या, म्हणजे हे माझं म्हणणं नाही. मग डबी दुसरं वाक्य काढायची. पण दर वाक्याला हात झटकायचा, समोरच्यानं ओशाळायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात... दोन महिन्यांत हात झटकणं कमी होत होत बंद झालं. यंत्र आता बाईंना नीट ओळखू लागलं आहे, असं नीलोफरनं अहवालात लिहिलं.

नूलकर काकूंनी एकदा शेवयांची खीर आणली होती. "छान झालीय," डबी म्हणाली. तेव्हापासून दर सोमवारी खीर यायची. नीलोफरला ती फ्रिजमध्ये तीन-तीन वाट्या तशीच दिसायची. तिनं तिकडे दुर्लक्ष केलं.

दिवाळीनंतर विश्वास आला. आल्या आल्या त्यानं ताईसमोर खुर्ची ओढली.

"ताई, तू माझ्याकडे ये. इथं एकटीनं किती दिवस काढणार? तुझी खोली तयार आहे. इथलं घर बंद करू. येशील ना?"

बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गिव्ह अप."

"हो, येते मी पुण्याला," डबी म्हणाली.

विश्वासचा चेहरा उजळला. त्यानं तिचा लुळा हात दोन्ही हातांत धरला. रविवारी निघायचं ठरलं. नूलकर काकूंनी डोळ्यांना पदर लावला, पण बरंच झालं असंही म्हणाल्या.

गुरुवारी चाचणीचा शेवटचा अहवाल लिहायला नीलोफर बसली. विश्वासनं पुण्याचं विचारलं होतं, त्या वेळची नोंद तिनं सहज उघडली.

हो, येते मी पुण्याला. खात्री त्रेपन्न टक्के.

त्याखाली, न बोललेलं वाक्य होतं. मला इथून हलवू नकोस. चव्वेचाळीस टक्के.

तिनं मागच्या नोंदी काढल्या. खिरीच्या 'छान झालीय'ला एक्कावन्न टक्के होते. गेल्या चार महिन्यांत डबी जे बोलली होती, त्यातलं निम्म्याहून जास्त साठच्या खालचं होतं. गाव ज्या बाईंशी गप्पा मारत होतं, त्या बाई नेमक्या कोण होत्या? आणि खऱ्या बाई तेवढा वेळ तिथेच बसून ते ऐकत होत्या.

ती तशीच बाईंच्या घरी गेली. विश्वास पुस्तकं खोक्यात भरत होता. तिनं त्याला अंगणात बोलावून सगळं सांगितलं. आपण उंबरठा खाली आणला हेही सांगितलं.

"मग खरं काय आहे?" त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? तुमचं यंत्र आहे ना हे?"

"यंत्रालाही माहीत नव्हतं. त्याला गप्प बसता आलं असतं. मीच बसू दिलं नाही."

विश्वास संतापला. "आता पुन्हा ऐंशीवर नेणार? म्हणजे ती परत मुकी होणार. चार माणसं येतात तीही तुटणार. तिला हे तरी विचारलंत का, तिला काय हवं ते?"

दोघं आत गेले. नीलोफर बाईंच्या पायाशी बसली आणि तिनं हळूहळू, एकेक वाक्य करून सांगितलं. डबी पुष्कळदा तुमच्या मनातलं नसलेलंही बोलते. तिला कमी बोलायला लावलं तर ती खरं बोलेल, पण क्वचितच. "तुम्हाला काय हवंय, बाई?"

"गिव्ह अप," बाई म्हणाल्या. आवाज हळू होता, थकलेला.

"बोलू दे तिला," डबी म्हणाली.

नीलोफरनं हातातल्या टॅबच्या पडद्यावर बघितलं. अठ्ठावन्न टक्के. तिनं तो विश्वाससमोर धरला. यंत्रावर भरवसा ठेवायचा की नाही, याचं उत्तरही यंत्रच देत होतं. विश्वासनं पडदा उलटा करून ठेवला. मग बाईंच्या गळ्यातली डबी अलगद काढली आणि कानामागची पट्टीही. बाईंनी हरकत घेतली नाही; हात झटकणं तर त्यांनी कधीच सोडलं होतं. हरकत घेतली असती तर ती कशी कळली असती, हा विचार नीलोफरच्या मनात आला आणि ती उठून उभी राहिली.

रविवारी विश्वास गेला नाही. त्यानं महिन्याची रजा टाकली. बाजारात जाताना तेवढी डबी बाईंच्या गळ्यात असे, ऐंशीवर लावलेली. घरात ती कपाटात राहायची. नूलकर काकू एकदा येऊन गेल्या, डबी नाही म्हटल्यावर अवघडून बसल्या, पुन्हा आल्या नाहीत. दुपारी भाऊ-बहीण समोरासमोर बसायचे. ती तेच दोन शब्द बोलायची. तो तिचा चेहरा बघायचा, चुकायचा, पुन्हा बघायचा.

विसाव्या दिवशी नीलोफरनं फोन केला. "काही समजायला लागलंय?"

"थोडंफार. पाणी, पंखा, भूक. माझा कंटाळा आला की ती ते कसं म्हणते तेही समजतं." तो हसला. "एकदा मी आईचा विषय काढला, तेव्हा ती तासभर बोलली. गिव्ह अप, गिव्ह अप. मला एक अक्षर कळलं नाही, पण मी उठलो नाही."

"आणि पुण्याचं?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"रोज विचारतो. ती माझ्याकडे बघत राहते, मग म्हणते. रोज वेगळ्या सुरात. एक दिवस वाटतं येणार, दुसऱ्या दिवशी वाटतं नाही. आधी मला वाटायचं मलाच ओळखता येत नाही. पण मॅडम, ते त्रेपन्न आणि चव्वेचाळीस... तिचं ठरलंय आणि ते आपल्याला कळत नाही, असंच आपण धरून चाललोय. तिचंच अजून ठरलं नसलं तर?"