राहीची वेल

वेलीचं एक मूळ भिंतीवरून ओढून काढलं, की मागे नाचणीच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका उरतो. भिंगाखाली पाहिलं तर त्यात केसासारखे तंतू दिसतात, चुन्यात घट्ट रुतलेले. एका इंचात अकरा ठिपके, दोन ओळींत. हे मी मोजलं ते १९३४ च्या मार्गशीर्षात, आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर. त्यानंतर त्या भिंतीवर जे जे मोजलं, ते सगळं माझ्या वहीत तारखेसकट आहे.

घर रत्नागिरीत, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. जांभ्या चिऱ्याचं, शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा केलेलं. माझे यजमान वकील. मी मुंबईत वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि इथे मुलींना शिकवायला आले. लग्न झालं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि ह्यांची पहिली बायको जिवंत होती. तिचं नाव राही. सात वर्षांत मूल झालं नाही म्हणून ती पूर्णगडला भावाकडे गेली होती. गेली होती की पाठवली होती, हे मी कधी विचारलं नाही. तिचा भाऊ खंडू दर वर्षी पत्र टाकी: बहिणीला घेऊन जा, नाही तर नेणार नाही असं एकदाचं सांगा. हे पत्राची घडी घालत आणि म्हणत, "बघू."

मला त्या पत्रांचं काही वाटत नसे. वाटे ते वेलीचं.

ती राहीने लावली होती. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्याकडून तिने एक डहाळी मागून आणली, करवंटीत जगवली आणि भिंतीच्या पायथ्याशी लावली. वेलीचं शास्त्रीय नाव फायकस पुमिला. दहा वर्षांत तिने सगळी भिंत, खिडकीच्या चौकटीसकट, झाकून टाकली होती. रोज संध्याकाळी कोर्टातून आल्यावर हे अंगातला कोट न काढता तिथे जात, वाऱ्याने सुटलेली एखादी डहाळी शोधत आणि बोटाने ती परत भिंतीला टेकवत. बस, एवढंच. एकदा माझ्या अंबाड्यातली अबोलीची वेणी त्यांच्या पायाशी पडली होती. ती ओलांडून ते वेलीकडे गेले.

भिंतीला ओल धरते, हे मी त्यांना आकडे मांडून दाखवलं. आकडे खरे होते. ते म्हणाले, "बघू." मी गुणाजी गवंड्याला बोलावणं पाठवलं.

गुणाजी साठीचा. आल्या आल्या त्याने पायरीवर नारळ ठेवला, टोपी काढली आणि गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. आमच्याकडे कुठलंही काम काढताना जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात, घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन.

"राहीवैनींचा नाव आधी घेतो, बाई."

"त्या इथे राहत नाहीत."

"ऱ्हात नायत, पन वेल त्येंच्या हातची. जेच्या हातची, तेला इचारल्याबिगर मूळ हलवू नये, असा माझा आजा सांगं."

"आम्हा दोघांचीच नावं घ्या, गुणाजी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग नारळाकडे. "तुमी शिकल्याली मानसा," तो म्हणाला. "नारळाला काय, तो दोन नावांवर पन फुटंल."

नारळ फुटला.

वेल चादरीसारखी उतरली. खोड मनगटाएवढं जाड होतं आणि पायाच्या चिऱ्यांत शिरलं होतं. ते काढायचं तर एक चिरा सोडवावा लागणार, म्हणून ते शेवटावर ठेवलं. खरं काम उरलेल्या ठिपक्यांचं होतं. गुणाजी खरवडणीने खरवडत होता. मी सोड्याचं गरम पाणी आणि तारेचा ब्रश घेऊन खिडकीखालची बाजू घेतली. दुपारपर्यंत माझा खांदा भरून आला.

"बाई, भिंत हाय ती," गुणाजी हसत म्हणाला, "दुस्मन नाय."

त्या संध्याकाळी हे उघड्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग तळहात पसरून त्यांनी भिंतीवर ठेवला. ताप बघायला कपाळावर ठेवावा तसा.

तो सोमवार होता. गुरुवारी मिरकरवाड्याची सोनूबाई मासळी घेऊन आली. तिचं माहेर पूर्णगड. सोनूबाईच्या भावाचा मचवा दोन दिवसांआड बंदराला लागे आणि त्याच्याबरोबर तिकडच्या बातम्या येत.

"राहीवैनीची धाय बोटा सोलवटलीत," ती बांगडे निवडता निवडता म्हणाली. "सोमवारपासना. चुन्यात हात घातल्यावानी. काय लागला म्हटला, तर म्हनते कायच नाय."

"कालवं फोडताना सोलली असतील."

सोनूबाईने आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "कालवा आमी जल्मभर फोडतव, बाई. बघा आमची बोटा."

मी बघितली. चांगली धडधाकट होती.

एका घटनेवरून अनुमान काढू नये, असं मी वर्गात शिकवते. मी आठ दिवस भिंतीला हात लावला नाही आणि गुणाजीलाही लावू दिला नाही. त्या आठ दिवसांत, आधीच दिलेल्या चुन्याच्या दोन हातांखालून ठिपके परत वर आले. त्याच ओळींत, इंचाला अकरा. तंतू चुन्यात खोल गेलेले असतात, ओलीबरोबर त्यांचा रंग वर येऊ शकतो. हे मी वहीत लिहिलं. सोनूबाईने सांगितलं, वैनीची बोटं भरून येतायत.

मग मंगळवारी, शाळेला सुट्टी होती तेव्हा, बरोबर अकरा वाजता मी खिडकीच्या डाव्या अंगाला हाताच्या पंजाएवढी जागा आखली आणि तेवढीच घासली. सोड्याने, मग वाळूने. वेळ लिहून ठेवली. कुणाला सांगितलं नाही.

गुरुवारी मी सोनूबाईला काही सुचवलं नाही. फक्त विचारलं, "पूर्णगडची काय बातमी?"

"वैनीचा डावा हात गेला की पुना. मंगळवारी, भात वेळायच्या टायमाला. भांडा हातातना सुटला न् कळवळून खाली बसली."

मी बांगड्यांचा वाटा घेतला. निवडले, धुतले, मीठ लावून ठेवले. माझे हात स्थिर होते.

खात्रीसाठी तीन वेळा तरी पडताळून पाहावं लागतं. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण तिसऱ्या वेळी मी ब्रश उचलला त्या दिवशी सकाळी हे जेवताना मला "राही" म्हणाले होते. "राही, ताक वाढ." म्हणाले आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी ताक वाढलं. ते कोर्टात गेल्यावर मी उजव्या अंगाची जागा आखली. या वेळी पंजापेक्षा मोठी. चुना संपून आतला जांभा दिसू लागेपर्यंत घासली. मला बरं वाटलं. हेही वहीत आहे.

उजवा हात, सोनूबाई म्हणाली. मनगटापर्यंत.

आता फक्त खोड उरलं होतं.

गुणाजी रोज सकाळी छिन्नी आणि हातोडा घेऊन येई, पायाशी बसे आणि विचारी, "आज काढू?" मी म्हणे, "उद्या." गेली चार वर्षं ज्या 'बघू'ची मला चीड येत होती, तो माझ्याच तोंडात येऊन बसला होता.

त्या दिवसांत मी शाळेतली उष्णतामापक नळी घरी आणली. खोड आणि चिरा यांच्यामधल्या फटीत ती घालून ठेवी. हवा सकाळी सत्तर, दुपारी पंच्याऐंशी. फटीतला आकडा मात्र हलत नव्हता. अठ्ठ्याण्णव आणि वर काही दशांश. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. मी नळी बदलून पाहिली. चिऱ्याच्या दुसऱ्या फटीत घालून पाहिली. तिथे आकडा हवेइतकाच होता.

रविवारी सकाळी मचव्यावरून खंडूची चिठ्ठी आली. हे ओसरीवर उभे राहून ती वाचत होते. मी खोडापाशी होते, गुणाजी पलीकडे उकिडवा बसला होता.

"राहीला ताप भरलाय," हे म्हणाले. "रात्रीपासून. हात दोन्ही सुजलेत."

मी नळीवरची माती पुसली.

"इथल्या डॉक्टरला दाखवायला हवं. मी जाऊन घेऊन येतो तिला." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. मग घडी पुन्हा उलगडली. "बरी झाल्यावर… तिला परत नको पाठवायला. घर मोठं आहे. तुझं काय म्हणणं?"

चार वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच एखादी गोष्ट विचारली होती.

"कोट घाला," मी म्हणाले. "गारवा आहे."

ते आत गेले.

मी नळी फटीत सरकवली. तीन मिनिटं घड्याळावर मोजली.

बाहेर काढली. एकशे तीन.

पुसली. परत घातली. परत तीन मिनिटं.

एकशे तीन आणि चार दशांश.

गुणाजीला आकडे वाचता येत नव्हते. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. खोडावर सकाळचं ऊन अजून आलं नव्हतं. मी तळहात पसरून त्यावर ठेवला. साल ओलसर होती. कपाळ घामेजतं तशी.

"बाई," गुणाजी हळू आवाजात म्हणाला, "ऱ्हावंदे का?"

आतून ह्यांचा आवाज आला. माझी छत्री कुठाय, म्हणून विचारत होते. त्या आवाजात घाई होती. मी या घरात आल्यापासून ह्यांच्या आवाजात अशी घाई ऐकली नव्हती.

मी वही मिटली. हात पदराला पुसला.

गुणाजीची छिन्नी खोड आणि चिऱ्याच्या मधोमध टेकलेली होती. हातोडा वर उचललेला.

"काढा," मी म्हणाले.