पंचवीस मीटरची खूण

विश्वास ठेवायची वेळ आली तर तुम्ही कोणावर ठेवाल? स्वतःच्या डोळ्यांवर, पडद्यावरच्या चित्रावर, की वहीत शाईनं लिहिलेल्या ओळीवर? घाई नको. आधी आमच्या ओळखीतल्या एका कॅमेरेवाल्याची हकीकत ऐका, मग सांगा.

हा गृहस्थ बल्ब विकता विकता कॅमेऱ्यांकडे वळला. शिक्षण बेताचं, डोकं मात्र तल्लख. बाकीचे दुकानदार खोक्यावरचं छापील वाचून माल खपवायचे, यानं स्वतःची परीक्षा शोधून काढली होती. एका पिशवीत सात रंगांचे सात रुमाल. जमिनीवर पाच-पाच मीटरवर चुन्याच्या पाच खुणा. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे त्याचा मेहुणा, अंधारात खुणेवर उभा राहायचा, पिशवीतून न बघता एक रुमाल काढून छातीशी धरायचा आणि शिट्टी फुंकायचा. हा आत पडद्यासमोर बसून दिसेल तो रंग वहीत लिहायचा आणि कॅमेऱ्याचा दिवा एकदा मिचकावायचा. मग मेहुणा तो रुमाल तिथंच दगडाखाली ठेवून पुढच्या खुणेवर जायचा. सकाळी दगड उचलून वहीशी पडताळा. मोबाईल दोघांचेही बंद, कारण त्याच्या उजेडानं अंधार नासतो.

अशा माणसाच्या हातून एकदाच लबाडी झाली. एका गोदामाच्या आवारात जुन्या पद्धतीचे कॅमेरे बसवले होते. त्या रात्री चार खुणा झाल्या आणि मेहुण्याचा गुडघा धरला. "चार जमल्या, पाचवीही जमणारच," असं म्हणून दोघं निघाले, आणि यानं घरी जेवता जेवता पाचवी ओळ भरून टाकली : पंचवीस मीटर, रंग स्पष्ट.

तीन महिन्यांनी तिथला रात्रीचा वॉचमन नेमका त्याच पाचव्या खुणेच्या जागी मेलेला सापडला. त्याची बायको म्हणाली, रिव्हर्स घेणाऱ्या लॉरीनं उडवलं. रेकॉर्डिंगमध्ये तेवढ्या अंतरावर नुसते करडे दाणे हलत होते. गोदामाच्या कंपनीनं कॅमेरेवाल्याच्या वहीची नक्कल पुढं केली. इथं पंचवीस मीटरवर रंगसुद्धा ओळखू येतो, मग एवढी मोठी लॉरी दिसली नाही, याचा अर्थ लॉरी नव्हतीच. वॉचमन स्वतःच पोत्यांच्या थप्पीवरून पडला. भरपाई अडली. ती बाई कॅमेरेवाल्याच्या दुकानात आली होती.

"दादा, तिथलं खरंच दिसतं का हो त्यातून?"

"दिसतं, ताई," हा म्हणाला. आणि उगाच काउंटर पुसत राहिला.

दोन दिवसांवर सुनावणी आली, मूळ वही मागवली गेली, तेव्हा गोदामाच्या मॅनेजरनं याला बोलावून घेतलं. "रात्रीही लांबपर्यंत रंग दाखवणारे नवे फुल-कलर कॅमेरे घ्यायचेत, सगळे तुमच्याकडूनच. जुनी ओळ तेवढी आहे तशी राहू द्या." ओळ खोडली तर दुकानाची अब्रू जाणार, नाही खोडली तर त्या बाईच्या तोंडचा घास.  त्याच रात्री हा मेहुण्याला, नवा कॅमेरा आणि जुनी-नवी अशा दोन्ही वह्या घेऊन परीक्षेसाठी आवारात आला.

वॉचमन गेल्यापासून रात्रीच्या राखणीला तिथं कोणी टिकत नव्हतं. मॅनेजर किल्ली देऊन घरी गेला. यानं फाटकाला आतून कुलूप लावलं आणि केबिनमध्ये पडदा मांडला.

"भाऊजी, या वेळी पाचवीही?" मेहुण्यानं विचारलं.

"या वेळी पाचवीही."

"ताईला सांगतो मी. नवऱ्यानं तुझ्या भावाला चोरासारखं अंधारात उभं केलं म्हणून."

"चोर एवढा जाड नसतो. तू पडद्यात मावलास तरी पुष्कळ."

मेहुणा हसत, लंगडत गेला. ओल्या पोत्यांचा आणि सांडलेल्या डिझेलचा वास केबिनपर्यंत येत होता. कॅमेऱ्याच्या दिव्याभोवती किडे जमले. पहिली शिट्टी. लाल. दुसरी, पिवळा. तिसरीला निळा, अगदी स्वच्छ. वीस मीटरवर चेहरा थोडा पुसट झाला, पण रुमाल हिरवा होता, शंकाच नको. पैसे वसूल करणारा कॅमेरा, त्याच्या मनात आलं. दिवा मिचकावला.

मग बराच वेळ काहीच नाही. किड्यांची तडतड तेवढी.

पाचवी शिट्टी लांबून आली. हळू, ओढलेली.

त्यानं पडद्याकडे पाहिलं. कडेचं गवत हिरवं होतं. पत्र्यावरचा गंज तांबडा होता. चुन्याची खूण पांढरी होती. आणि खुणेवर उभा असलेला माणूस करडा होता. नखशिखांत करडा, दाणेदार, कडा विरघळलेल्या. जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रातून कापून इथं चिकटवल्यासारखा.

त्यानं सेटिंग पाहिलं. रंग चालू होता. दिव्याचा उजेड वाढवला. गवत आणखी हिरवं झालं. माणूस तसाच.

शिट्टी पुन्हा वाजली. त्यानं दिवा मिचकावला. आता हलेल. हलला नाही.

पाठीमागचं दार करकरलं आणि मेहुणा गुडघा चोळत आत आला. "झालं का? मी जरा टेकतो."

"तू... इथं?" हा खुर्चीतून अर्धा उठला. "मग तिथं कोण?"

"इथला वॉचमन की. म्हणाला, पाय दुखतोय तुमचा, बसा जाऊन, पाचव्या खुणेवर मी उभा राहतो. पिशवी, शिट्टी घेऊन गेला. भला माणूस."

"फाटकाला कुलूप आहे... इथं वॉचमन नाही."

मेहुणा पडद्याकडे बघत राहिला. 

शिट्टी. करडा माणूस आता वीस मीटरच्या खुणेवर होता. चालताना दिसला नव्हता. छातीशी हात धरलेले, परीक्षेला उभं राहावं तसे. शिट्टी. पंधरा.

"लिहा ना काहीतरी, भाऊजी..." मेहुणा कुजबुजला. "तुम्ही लिहायची वाट बघतोय तो."

"काय लिहू? रंगच नाही त्याला..."

शिट्टी. आता ती भिंतीपलीकडूनच ऐकू येत होती. कॅमेरेवाल्यानं नवी वही बाजूला सारली आणि जुनी ओढली. पान सापडायला वेळ लागला. पाचव्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं : पंचवीस मीटर. कोणाला उभं केलं नाही. पाहिलं नाही. ओळ घरी बसून भरली. खाली सही, तारीख.

लिहीत असताना आणखी एक शिट्टी झाली, अगदी खिडकीशी. पाच मीटरवर चेहरा स्वच्छ दिसतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यानं मान वर केली नाही. मेहुण्यानं केली होती. त्यानं काय पाहिलं ते तो अजून सांगत नाही.

शाई वाळेपर्यंत शांतता होती. मग पडद्यावर नुसतं हिरवं गवत.

सकाळी दगड उचलले. लाल, पिवळा, निळा, हिरवा. चारही वहीशी जुळले. पाचव्या खुणेवर पिशवी होती, आत उरलेले तीन रुमाल घडी घालून ठेवलेले. शिट्टी मिळाली नाही.

वही त्यानं सुनावणीत दिली. त्या बाईला भरपाई मिळाली. ऑर्डर गेली, आणखी दोन गिऱ्हाइकं गेली, काउंटरवर पुन्हा बल्ब आले. पण माणूस खचला नाही. नवी शिट्टी घेतली, परीक्षा चालू ठेवली. फक्त एक झालं. कुठंही जा, पाच खुणा संपल्या की जिथं खूण नाही अशा लांबच्या अंधारातून सहावी शिट्टी येते. दोघांनाही ऐकू येते. पडद्यावर रंग सगळे जिथल्या तिथं, माणूस नाही. तो मग सहावी ओळ लिहितो : शिट्टी ऐकली, कोणी दिसलं नाही. गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा हसून विषय बदलतो.

मागच्या महिन्यात एका शाळेच्या आवारात चौथ्या खुणेवर तो जरासा अडला. हिरवा की निळा? काम आटपायची घाई होती, त्यानं अंदाजानं हिरवा लिहिला. पाचवी खूण अजून व्हायची होती, आणि शिट्टी वाजली. लांबून नाही. तो बसला होता त्या खोलीत, त्याच्या खुर्चीच्या मागं. त्यानं ओळ खोडली, 'नीट दिसलं नाही' असं लिहिलं, आणि उजाडेपर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

तेव्हा कोणावर विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं मागणं एवढंच. तुमच्या हातातही वही आहे. दिसलं ते दिसलं लिहा, नाही दिसलं ते नाही लिहा, आणि हिशेब खरा ठेवा. एकही ओळ अंदाजानं भरू नका.