गुरूचा पेनड्राइव्ह

लाइट यायला अजून वेळ आहे, बसा इथंच गच्चीवर. ही गोष्ट आपल्या शेजारच्या पंचशीलाची. तिनं मला एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं तर उठून आत जाते.

सोळा सालचा दुष्काळ. उदगीर नवा जिल्हा होणार म्हणून हॉटेलाहॉटेलांत गप्पा, अन् प्यायला घोटभर पाणी नाही. पंचशीला पाणीपुरवठ्याच्या कामावर कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होती. पाडव्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी तिला शिरूर अनंतपाळकडं धाडलं. नदीकाठच्या पंपघरातलं पंपावर नजर ठेवणारं कॉम्प्युटरचं मशीन नोंदी ठेवीना. पंप अडला तर पहाटे टँकर भरणार कशानं?

पोचायला दिवस मावळला. राखणीला बसलिंगप्पा होते. त्यांचा पोरगा गुरुबसप्पा तिथलाच इलेक्ट्रिशियन. दोन महिन्यांमागं पंपघरामागच्या जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरला अन् आतल्या हवेनं गुदमरून गेला. ती विहीर तेव्हापासून कोरडी ठणठणीत. पंप आता बोअरवर चालायचा.

"या ताई. चहापुरतं पाणी हाय," बसलिंगप्पा म्हणाले. मग मशीनकडं बघत, "काय बिघडलंय ह्याचं?"

"मामा, ह्याच्या पोटात एक कारभारी असतो. कर्नेल म्हणतात त्याला. काय जोडलं, काय तुटलं, सगळं त्याला कळतं. पण त्याची पाटी एवढीशी. भरली की जुनं पुसून नवं लिहितो. म्हणून एक प्रोग्राम सदा जागा ठेवतात. तो पाटीवरचं उचलून फाइलीत टाकत राहतो."

"गावचा कोतवालच की."

"हाव. तोच निजलाय."

तिनं तो प्रोग्राम चालू केला. साठलेल्या ओळी भराभर पडद्यावर आल्या. लाइट गेल्याची, पंप सुरू झाल्याची. मग एक ओळ आली. पेनड्राइव्ह जोडला. खाली त्याचा नंबर.

निघाला. जोडला. निघाला.

नंबर तिला पाठ होता. मशीननं दुसरा पेनड्राइव्ह घेऊच नये म्हणून तिनंच तो नंबर मशीनमध्ये बसवला होता. गुरूचा.

तिनं मशीनमागं वाकून पाहिलं. पेनड्राइव्हची खाच रिकामी. बोट लावून पाहिलं. काही नाही.

पडद्यावर ओळ आली... जोडला.

"काय झालं, ताई?"

"काय न्हाई."

तिनं प्रोग्राम बंद केला. वाटलं, थांबेल. पण मधला कोतवाल गेला अन् कारभारी थेट पडद्यावर बोलू लागला. सगळ्या ओळींवर चढून.

जोडला.

"मामा... गुरूदादाचा पेनड्राइव्ह कुठाय?"

"त्याच्या गळ्यात. दोरीत. माती देताना म्या काढला न्हाई." ते जवळ आले. "का?"

तिनं नुसतं पडद्याकडं बोट केलं.

बसलिंगप्पांना इंग्रजी येत नव्हतं. ते पडद्याकडं बघत राहिले. मग तिच्या तोंडाकडं. मग मागच्या दाराकडं. बॅटरी उचलली.

"मामा, जाऊ नका!"

गेले.

तिनं मशीनची वायर उपटली. पडदा विझला. ती दारापर्यंत आली, पुढं पाय उचलेना. दारावरच्या दिव्याच्या उजेडात विहिरीच्या काठावर म्हातारा आत पाय सोडून बसलेला. बॅटरी बाजूला, विझलेली.

"गुरू..."

काही नाही.

"गुरू, वर ये की रे, बाळा..."

काही नाही... ती चौकट धरून उभी राहिली. रात्रभर.

टँकरचा हॉर्न वाजला तेव्हा फटफटलं होतं. बसलिंगप्पा सावकाश उठले, वळले. त्यांच्या पाठीवर, शर्टावर ओला पंजा. पाची बोटं पसरलेली.

"मामा, पाठीला..."

"ठाव हाय," म्हणाले.

शर्ट काढून त्यांनी तारेवर टाकला. एप्रिलचं ऊन, भुई भाजत होती. दुपारच्या गाडीला निघताना पंचशीलानं शर्टाला हात लावला. कापड पापडासारखं कडक.

पंजातून मात्र अजून पाणी गळत होतं.