सावरीची बंद ढोली

"कट्ट्यावरून उतरा! झाड पाडायचंय, दिसत नाही?" सोसायटीचे सेक्रेटरी दळवीकाका खेकसले.

नेत्रा उतरली नाही. तिच्या एका बाजूला निमेश बसला होता, दुसऱ्या बाजूला जेनिस. पाठीमागे बोरीवलीतल्या त्या सोसायटीची उंच काटेसावर होती आणि समोर दोरखंड घेऊन झाडं तोडणारा चंदर.

"काका, ढोलीत धनेशाची मादी आहे," नेत्रा म्हणाली. "सुट्टी लागल्यापासून आम्ही रोज इथले पक्षी मोजून वहीत लिहितोय. नर तिला फळं आणून..."

"पक्षी मोजा नाहीतर डास मोजा! ढोली मातीने भरलीय. वाळवी आहे ती, वाळवी!"

"वाळवी नाही!" निमेश उसळला. "मादीनेच आत बसून तोंड लिंपलंय. चोच जाईल एवढीच फट ठेवलीय!"

"एवढा हुशार असतास तर गणितात नापास झाला नसतास!"

वरच्या गॅलरीतून कोणीतरी फिदीफिदी हसलं. "पाडा एकदाचं! कापूस उडून घरभर होतो!" तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला. "आणि त्या पोरांना आधी घरी हाकला!"

नेत्राचे कान तापले. तिला भराभर बोलता येत नसे. पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. ढोलीत कोंडून घेतलेल्या मादीची उडायची पिसं गळून पडतात. झाड कोसळलं तर ती उडून जाऊ शकणार नव्हती. पिल्लं तर नाहीच नाही.

"कुठाय तुझा नर? दाखव ना!" दळवीकाकांनी हात पसरून विचारलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. आकाश रिकामं होतं. वीस माणसं खाली कालवा करत असताना नर कशाला येईल?

"खोटारडी पोरं!" काका म्हणाले. "चंदर, चढ!"

"नेत्रा, हिकडं ये गो! लवकर!"

जेनिस केव्हाच उठून सूचना फलकापाशी गेली होती. नेत्रा आणि निमेश धावले. फलकावर झाड तोडण्याची नोटीस होती. तिच्यात लिहिलं होतं, 'सहा मे रोजी पाहणी केली. झाडावर घरटं नाही.' खाली झाडाचा रंगीत फोटो.

"यात ढोली उघडी आहे बघ!" जेनिस कुजबुजली. "काळं भोक दिसतंय."

"पण आपण तर एप्रिलमध्येच ती लिंपलेली पाहिली!" निमेश म्हणाला. "पण काका म्हणतील, पोरांची वही कोण मानतो?"

नेत्राची नजर फोटोवर फिरली. फांद्यांवर एकही पान नव्हतं. होती ती लालभडक फुलं! तिने मान वळवून झाडाकडे पाहिलं. हिरवीगार पानं आणि फुटलेली बोंडं.

"ओरडू नका," ती दोघांना म्हणाली. "मी एकच प्रश्न विचारते."

तिने टाचण्या काढल्या आणि नोटीस घेऊन गर्दीत शिरली. गलका ऐकून चेअरमन मधुवंतीकाकूही खाली आल्या होत्या.

"काका, हा फोटो तुम्ही सहा मेलाच काढला ना?"

"अर्थात! स्वतः काढला! या हातांनी!"

"मग या झाडावर फुलं कुठली?"

"झाडाला फुलं येतात, बाई! एवढंही शिकवत नाहीत का शाळेत?"

चंदर अर्ध्या खोडावर चढला होता. तो सरसर खाली उतरला आणि त्याने फोटो हातात घेतला. "साहेब, सावर शिमग्याच्या आधी फुलते. मे महिन्यात फुलं? हा फोटो फेब्रुवारीतला आहे!"

गॅलरीतलं हसू थांबलं.

"म्हणजे तुम्ही पाहणी केलीच नाहीत?" मधुवंतीकाकूंनी विचारलं.

"जुना... हाताशी होता, लावला! फरक काय पडतो? वाळवी ती वाळवीच!"

"मग दहा मिनिटं थांबू," काकू म्हणाल्या. "सगळ्यांनी गाड्यांच्या मागे व्हा. गॅलरीतल्यांनी आत जा!"

"वाट लागली, नाही आला तर..." निमेश पुटपुटला. जेनिसने त्याला कोपर मारलं.

दहाची पंधरा मिनिटं झाली. दळवीकाका घड्याळाकडे बोट दाखवू लागले, आणि तेवढ्यात पंखांचा जड आवाज आला. राखाडी रंगाचा, बाकदार चोचीचा पक्षी ढोलीशी येऊन बिलगला. त्याने घशातून एक उंबर चोचीच्या टोकाशी आणलं. मातीच्या भिंतीतल्या फटीतून दुसरी चोच बाहेर आली आणि तिने ते उंबर अलगद उचललं. मग दुसरं, मग तिसरं!

"अरे देवा," चंदर म्हणाला. त्याने दोरखंड गुंडाळायला घेतला. "माझ्या हातून पाप झालं असतं."

"शाब्बास!" मधुवंतीकाकूंनी तिघांच्या पाठीवर थाप दिली. "आम्ही मोठ्यांनी बघितलं नाही, ते तुम्ही बघितलंत. यापुढे तुम्हाला विचारल्याशिवाय इथली एक फांदी तुटणार नाही."

"पोरांना डोक्यावर चढवताय तुम्ही!" दळवीकाका गरजले. "मी सेक्रेटरी आहे की..."

"काका," नेत्रा म्हणाली, "हळू बोला. पिल्लं झाली असतील आत."

दळवीकाकांनी तोंड उघडलं, वर ढोलीकडे पाहिलं, आणि उरलेलं भांडण कुजबुजत पूर्ण केलं.