काका, बोलत राहा

कुणाला सांगायचं नाही, असं काकूने मला बजावलं होतं. पण किंजल, तू माझी मावसबहीण, आणि उद्या त्याच रस्त्याने तू मनोरला परत जाणार. म्हणून सांगते. तो दिवा जरा अलीकडे घे. लाइट काही इतक्यात येत नाही.

त्या शुक्रवारी काका चिकूचे क्रेट आपल्या गाडीत भरून मनोरला टेम्पोवर चढवायला निघाला होता. मला वह्या घ्यायच्या होत्या, म्हणून मीही त्याच्याबरोबर पुढे बसले. दुपारचे चार वाजले असतील. निघताना मी त्याला पट्टा लावायला सांगितलं.

"लावला गं, हवालदारीण बाय," तो म्हणाला. "आता चलान नको फाडू."

शाळेत मी वाहतूक सुरक्षा दलात आहे, म्हणून तो मला असाच चिडवतो. वर्गात माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. पण अपघात झाल्यावर काय काय करायचं, ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

बेटेगाव मागे पडलं. पुढे दोन्ही बाजूंना झाडी लागते, तिथल्या एका वळणावर समोरून ट्रेलर आला, तोही आमच्या बाजूने. काकाने गाडी डावीकडे घातली. ऐनाचं झाड मला दिसलं, आणि मग फक्त आवाज. ट्रेलर थांबला नाही.

नंतर सगळं अगदी शांत झालं. गरम इंजिनाची टिकटिक तेवढी चालू होती. पेट्रोलचा वास आणि चेंगरलेल्या चिकूंचा गोड वास एकमेकांत मिसळले होते.

मी घाबरले नाही, खरंच. चावी फिरवून इग्निशन बंद केलं. मागचे-पुढचे दिवे लुकलुकत ठेवले. हातपाय हलवून बघितले, उतरले, पन्नास पावलं मागे जाऊन लाल त्रिकोण उभा केला आणि १०८ ला फोन लावला. काका स्टिअरिंगमागे अडकला होता. त्याला ओढून काढायचं नाही, हे मला माहीत होतं. त्याचं डोकं छातीवर पडलं होतं आणि तोंडातून रक्त येत होतं.

"पेशंटशी बोलत राहा," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "नाव घेऊन हाक मारा."

काकाचं नाव मी कसं घेणार? आपल्यात मोठ्यांचं नाव कुणी घेत नाही.

"काका," मी म्हटलं. "काका, ऐकतोयस ना?"

"हां..."

आवाज बारीक होता, ओला, अगदी जवळचा. मला इतकं बरं वाटलं!

"दुखतंय का?"

"आता नाय."

"आज वार कोणता?"

"मंगळवार..."

डोक्याला मार लागला की माणूस असं बोलतो, हेही आम्हाला शिकवलं होतं.

"घरी कोण कोण आहे?"

"काय म्हाईत... लई दिवस झाले. गेलोच नाय." मग जरा घाईने, "त्याची मान वर धर. रगत घशात जातंय."

मी दोन्ही हातांनी डोकं सरळ धरलं. 'त्याची' कुणाची, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

"मला घरी नेशील ना, पोरी?"

"नेणार. आपण घरीच जाणार, काका. तू फक्त बोलत राहा."

वीस-बावीस मिनिटं तो बोलत होता. झाडीतून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला, तेव्हा थांबला.

डॉक्टरबाईंनी काकाला तपासलं. "हे कधीपासून बेशुद्ध आहेत?"

"आत्तापर्यंत बोलत होता."

"या जबड्याने?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दोन ठिकाणी मोडलाय, बाळा. मान धरली नसतीस तर श्वास अडकून गेले असते. कुणी सांगितलं तुला?"

मी शाळेचं नाव सांगितलं.

जयवंतीकाकूने मला दवाखान्यात पोटाशी धरलं, रडली. मग डोळे पुसून एकदम म्हणाली, "हाक कशी मारलीस? नाव घेतलंस ना?"

"मोठ्यांचं नाव कसं घेऊ, काकू?"

"अगं, अशा जागी नाव घेऊनच बोलवायचं असतंय! रामनाथ, चल घरी, असं. नुसतं काका म्हटलंस... त्या रस्त्यावर काका काय एकच हाय?"

माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. काका जिवंत आहे. पुन्हा वेळ आली तर मी सगळं तसंच करीन. नाव मात्र घेईन.

काल त्याला घरी आणलं. जबडा तारांनी बांधलाय, म्हणून तो पाटीवर लिहितो. घरात आल्या आल्या त्याने पहिलं काय लिहिलं, सांगू? 'मागे बसलेला माणूस वाचला का?'

मागची सीट आम्ही पाडली होती, किंजल. तिथे टपापर्यंत क्रेट होते. मी म्हटलं, मागे कुणी नव्हतं. त्याने पाटी पुसली आणि लिहिलं, 'सारखा तुझ्याशी बोलत होता.' मग मी विचारलं, दिसायला कसा होता, तर काकाने खडू उचलला आणि—

"मेघाली!" ओट्यावरून आईची हाक आली. "जरा बाहेर ये गं. फाटकाशी कोण म्हातारे उभे हायत, ओळख लागत नाय. म्हणतात, तुमच्या पोरीनंच बोलावलंय..."